चौथ्या अंकात मेलेली कोळीण

दमयंतीबाई कोठाऱ्यांनी बोईटाचा कल्ला उचलला, मासा नाकाशी नेला आणि परत टोपलीत टाकला.

"पुतळाबाई, तीन आठवडे झाले. परवा ह्यांनी पहिला घास घेतला नि पानावरून उठले. म्हणाले, दिवा खाल्ल्यासारखं वाटतं."

पुतळाबाई गिरगावातल्या त्या घरी वीस वर्षं मासळी देत होती. तिनं बाजू मांडली नाही, कारण बाजू नव्हतीच. मासळी तिनं चिंचेच्या पाण्यात धुऊन पाहिली होती, राखेनं चोळून पाहिली होती, आमसुलात बुडवून ठेवली होती. घासलेटाचा वास काही जात नव्हता.

"बाय, मासा माझा हाय, वास साहेबाचा हाय," ती म्हणाली. "भावसायब घरात असतील तर मला एक अर्ज लिहून पायजे. सरकारला."

भाऊसाहेब म्हणजे दमयंतीबाईंचे यजमान रघुवीर कोठारे. एका सॉलिसिटराच्या कचेरीत कारकून होते, पण मनानं नाटककार. त्यांची दोन नाटकं कुणी घेतली नव्हती आणि तिसऱ्याला विषय मिळत नव्हता. ओटीवर पाय पोटाशी घेऊन ते विचार करत बसले होते. अर्ज म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पुतळाबाई बोलायला लागली तसे त्यांचे पाय हळूहळू जमिनीवर आले.

तिनं सांगितलं ते असं. परळच्या पूर्वेला, शिवडीच्या खाडीकाठी त्यांचा कोळीवाडा. गेल्या वर्षी डॉब्स नावाचा एक गोरा साहेब तिथं आला. कोळ्यांच्या जाळी वाळवायच्या जागेवर त्यानं ताडाएवढा लाकडी मनोरा उभा केला, वाफेचं यंत्र आणलं आणि चिखलात भोक पाडायला घेतलं. जमिनीच्या पोटात घासलेट आहे म्हणे. डॉब्स ऑइल कंपनी असा फळा लागला. तेव्हापासून खाडीच्या पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग फिरतात. चिंबोऱ्या बिळांतून बाहेर येऊन उताण्या पडतात. जाळ्यांचा दोर चिकट होऊन कुजतो, पोरांच्या पायांना फोड येतात.

"म्हणजे तेल लागलं तर," रघुवीरराव म्हणाले.

"लागलं कुठं? डबा घेऊन येतात गाढवावरून, चौकोनी डबा, दुकानात असतो तोच. पहाटंला भोकात ओततात. दहा वाजता फोर्टातले शेट लोक गाडीतून येतात बघायला, तवा पंप मारून तेच वर काढतात. निम्मं वर येतं, निम्मं खाडीत जातं."

"घासलेट ओतून घासलेट काढतात?"

"व्हय. एका शेटनं इचारलं, हे इतकं सोच्छ कसं, जमिनीतलं तेल काळं असतं ना. तर साहेब बोलला, मुंबईची जमीनच चांगल्या घराण्यातली, तेल गाळूनच वर देते."

रघुवीररावांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "हे कोणाला खरं वाटणार नाही, पुतळाबाई. हे राहू दे. तुझी वेदना सांग."

"तीच सांगतेय," पुतळाबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी ते स्वतः शिवडीला आले. पायांत पंप शू, डोक्याला पगडी. खाडीचा काठ पाहून त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. ते काही ढोंगी नव्हते. पण भरल्या डोळ्यांनी पाऊल टाकायला गेले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. पुतळाबाईचा नवरा कुशाबा, कोळीवाड्याचा पाटील, त्यांना पाठुंगळी मारून बाहेर घेऊन आला. पाठीवर बसल्या बसल्याच रघुवीररावांनी वही काढली.

"पाटील, या सगळ्यात कोणी मेलं का?"

"मासं मेलं, भावसायब."

"माणूस? एखादी तरुण स्त्री?"

"नाय बा," कुशाबा म्हणाला. पाहुण्याची निराशा त्याच्या कानाशीच उसासली, तेव्हा त्याला उगीचच चुकल्यासारखं झालं. "आजारी हायत दोघं-तिघं," तो समजूत घालत म्हणाला.

दोन महिने पुतळाबाई दर खेपेला विचारायची, अर्ज झाला का. रघुवीरराव म्हणायचे, दुसरा अंक झाला. तिला वाटलं, सरकारी कागदाला तसंच म्हणत असतील. एक दिवस त्यांनी तिला ओटीवर बसवलं आणि सगळा अर्ज वाचून दाखवला. पाच अंक होते, बेचाळीस पदं होती, आणि वर नाव होतं 'संगीत तैलविलाप'.

नाटक मंडळीच्या मॅनेजरला ते फार आवडलं. फक्त त्याची एक विनंती होती. साहेब स्टेजवर आणला तर परवान्याची भानगड होईल. तेव्हा रघुवीररावांनी साहेबाचा राक्षस केला, तैलासुर. शिवडीचं पाताळ केलं. कोळीण काही नायिका होत नाही, म्हणून तिची राजकन्या केली, मीनाक्षी. चौथ्या अंकात पाताळाचं पोट फुटून तेलाचा कारंजा आभाळाला भिडतो आणि मीनाक्षी विलाप करून त्यात उडी घेते. पाचव्यात वरुणदेव येऊन राक्षसाला मारतो.

"आणि डबा?" पुतळाबाईनं विचारलं.

"कसला डबा?"

"घासलेटचा."

"अगं, डबा आला की करुणरस गेला," रघुवीरराव म्हणाले.

मीनाक्षीचं काम उत्तम नावाच्या नटाकडे होतं. विशीतला, साताऱ्याकडचा, केस कमरेपर्यंत वाढवलेले. मुंबईत येईपर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. राजकन्या असली तरी चाल कोळिणीची हवी, असं मॅनेजरला वाटलं, म्हणून त्यानं उत्तमला आठ दिवस पुतळाबाईबरोबर पाठवलं. पहिल्या दिवशी परळच्या नाक्यावरच त्याला मासळीच्या वासानं ओकारी झाली. तिसऱ्या दिवशी तो लालबागपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन आला. गिरणीतून सुटलेले कामकरी त्याच्याकडे बघत होते, पण तो सरळ समोर बघत चालला, कारण पुतळाबाईनं तसं सांगितलं होतं.

एका भिंतीच्या सावलीत दोघं भाकर खायला बसली.

"पुतळाबाई, तुम्ही रडता कशा?" त्यानं फार आदरानं विचारलं. "म्हणजे हुंदका आधी येतो की पदर आधी?"

पुतळाबाईनं आठवून पाहिलं. "टोपली डोक्यावर असली की रडता येत नाय. पानी गळतं त्यातून, लोकांना वाटतं मासळीचंच हाय. घरी गेलं की भाकऱ्या थापायच्या असतात."

"मग?"

"मग शिव्या देते."

उत्तमनं त्या शिव्याही शिकून घेतल्या. एकेक शिवी तो वहीत पदासारखी उतरून घ्यायचा आणि कुठे जोर द्यायचा ते विचारायचा. जाताना त्यानं तिला वाकून नमस्कार केला. असा नमस्कार तिला कोणी केला नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते तिला समजेना, म्हणून तिनं त्याला दोन सुके बोंबील दिले.

पहिला खेळ ग्रँट रोडच्या नाटकगृहात रविवारी दुपारी झाला. कोळीवाड्यातल्या वीस माणसांना मानाचं बोलावणं होतं. त्यांना सतरंजीवर एका कडेला बसवलं, कारण खुर्च्यांना वास लागला असता. कुशाबानं लाल टोपी घातली होती. पडदा वर गेला. मोत्यांनी मढलेला उत्तम गाऊ लागला तेव्हा कुशाबानं बायकोच्या कानाशी विचारलं, "ही कोन?"

"मीच ती."

"गळ्यात एवढं सोनं?"

"गप बसा, लोक बघतात."

मॅनेजरनं हौसेनं खरं घासलेट पडद्यावर शिंपडलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावला आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. चौथ्या अंकात कारंजा उडाला. चार माणसं आतून पंप मारत होती, निळे-पिवळे चंद्रज्योतीचे दिवे होते, आणि रंगीत पाणी पार छताला जाऊन भिडलं. सगळं नाटकगृह उठून उभं राहिलं. 'वन्स मोअर' झाला. मीनाक्षीनं उडी घेतली होती, तिला बाहेर काढून पुन्हा काठावर उभं केलं, पुन्हा कारंजा उडाला, पुन्हा तिनं उडी घेतली. तीन वेळा ती मेली. कोळ्यांपैकी कोणी रडलं नाही. पुतळाबाई मात्र तिसऱ्या उडीला सतरंजीवरून अर्धी उठली. मोत्यांतली ती पोरगी कोण होती ते तिला कळलं नव्हतं, पण तिचं वाईट वाटलं खरं.

बाहेर पडताना तिनं दोन शेटना बोलताना ऐकलं.

"काय जोर होता धारेला. शिवडीलाच म्हणे हे."

"उद्याच डॉब्सकडे जातो. कंपनीचे भाग मिळाले तर बरं."

नाटक तीन महिने भरून चाललं. डॉब्स साहेबाकडे इतके भागीदार आले की त्यानं दुसरा मनोरा उभा केला, या खेपेला कोळ्यांच्या होड्या ओढायच्या वाटेवरच. आता पहाटे दुप्पट गाढवं यायची. साहेब स्वतः नाटक पाहून आला आणि तैलासुराला त्यानं रुपेरी मुठीची काठी बक्षीस दिली.

पण नाटकामुळे एक चांगलंही झालं, असं रघुवीरराव म्हणाले. बोभाटा झाला, मीनाक्षी म्हणजे शिवडीचीच एक कोळीण अशी वर्तमानपत्रांत पत्रं आली आणि सरकारनं चौकशीला माणूस नेमला. रावबहादुर ढवळे त्यांचं नाव. कुशाबानं जाळ्यांचे कुजलेले तुकडे धुऊन मांडून ठेवले, पुतळाबाईनं मेलेल्या चिंबोऱ्या टोपलीभर गोळा केल्या. रावबहादुर दोन कारकुनांसह आले. त्यांच्या हातात 'संगीत तैलविलाप'चं छापील पुस्तक होतं, पानापानांत खुणा घातलेल्या. नाटक त्यांनी सात वेळा पाहिलं होतं.

"ती शिळा कुठली?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "जिच्यावरून तिनं उडी घेतली."

"शिळा नाय साहेब, इथं चिखलच हाय सगळा," कुशाबा म्हणाला.

"शिळा नाहीशी केली," रावबहादुरांनी कारकुनाला सांगितलं. "लिहा. आता, मयत स्त्रीचा नवरा कोण?"

लोकांनी कुशाबाकडे पाहिलं. शेवटी पुतळाबाई पुढे झाली. "साहेब, ती कोळीण म्हंजे मी. भावसायबांनी माझ्यावरनं लिवलं. मी मेले नाय."

रावबहादुरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी स्वतः पाहिलंय."

"तो उत्तम होता, साहेब. साताऱ्याचा."

"दुःखानं असं होतं माणसाला," रावबहादुर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारकुनानं विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, "मयत समक्ष हजर होती असं लिहू नकोस, वर शंका काढतील. नातेवाईक शोकामुळे भ्रमिष्ट, असं लिही."

पुतळाबाईनं डब्यांची हकीकत सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. पुस्तकात डबे नव्हते. जाताना कारकुनानं त्या कोळणीचं नाव विचारलं, तेव्हा पुतळाबाईनं आपलंच सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. महिन्याभरानं चौकशीचा निकाल आला. एक कोळी स्त्री तेलामुळे मयत झाल्याचं सिद्ध होत होतं. बाकी नुकसान दिसत नव्हतं. उपद्रवाचं निवारण पाचव्या अंकात झालेलं होतं.

हा निकाल पुतळाबाईला रघुवीररावांनी वाचून दाखवला आणि त्यांना स्वतःलाच कसंसं झालं. "मी त्यांना पत्र लिहितो," ते म्हणाले. "रूपक म्हणजे काय ते समजावून सांगतो."

ती तशीच उठली आणि ग्रँट रोडला गेली. नाटकगृहाच्या मागच्या दारी उत्तम केसांना तेल लावत बसला होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला. तिनं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"हल्ली माझ्याच्यानं उडी घेववत नाही, पुतळाबाई," तो म्हणाला. "तुम्ही डोळ्यांसमोर येता. बोंबील आठवतात."

"मग नको घेऊस. रोज मारतोस मला. एक दिवस जगू दे."

रविवारच्या खेळाचा एक पास उत्तमनं तिच्या हातावर ठेवला.

त्या रविवारी पुतळाबाई एकटीच गेली. चौथा अंक आला. मीनाक्षी काठावर आली, वाजंत्री थांबली, बायकांनी पदर सरसावले. उत्तम उडी घ्यायच्या जागी खाली बसला. मुकुट काढून बाजूला ठेवला, कनवटीची तंबाखू काढली, मळली आणि दाढेखाली धरली. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. आवाज पुतळाबाईचा होता, ठसका तिचा होता, आणि पहिल्या तीन शिव्याही तिच्याच होत्या, जोर अगदी बरोबर ठिकाणी.

लोक खवळले. "हे काय चाललंय?" "कोळणी असं बोलतात का?" "खोटं वाटतं." कोणीतरी नारळाची करवंटी फेकली. पडद्याआडून मॅनेजर हात जोडत होता. उत्तमनं करवंटी उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाला, "तुमचीच हाय ही. पहाटंला भोकात टाका, दहा वाजता वर काढा, शेट बोलतील जमिनीतनं नारळ निघाला."

मागे एकजण हसला. उत्तम पुढे सांगत गेला, गाढवं, चौकोनी डबे, चांगल्या घराण्यातली जमीन. हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. कारंजावाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, त्यांनी पंप मारला, आणि उत्तम त्या धारेकडे बघून म्हणाला, "हे बघा, आतमंदी चार माणसं हायत." तेव्हा तर लोक खुर्च्यांवरून घसरले. हसत नव्हते ते फक्त तिसऱ्या रांगेतले सहा-सात शेट. ते एकमेकांकडे बघत होते.

मंगळवारी पहाटे पुतळाबाई जाळं धुवायला खाडीवर गेली, तर तिवरांच्या झाडीत सात पगड्या दिसल्या. शेट लोक गुडघाभर चिखलात दाटीनं उभे होते. गाढवं आली. डबे उतरले. पहिल्या डब्याचं झाकण उघडलं, तशी एक पगडी पुढे झाली, मग सगळ्याच. हाणामारी झाली नाही. एका वयस्क शेटनं फक्त डबा हातात घेतला, त्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि तिथंच खाली बसला. पुतळाबाईनं त्याला पाणी आणून दिलं.

डॉब्स साहेब त्याच आठवड्यात बोटीनं निघून गेला. कंपनी बुडाली. उत्तमला मंडळीतून काढून टाकलं. तो चार दिवस कोळीवाड्यात राहिला, भात आणि आंबाडीची भाजी खाऊन, आणि मग दुसऱ्या एका मंडळीत विनोदी पात्रं करायला नाशिकला गेला. रघुवीररावांना मात्र राग आवरेना. आपल्या शोकान्त नाटकाचा फार्स झाला, हे दुःख ते दमयंतीबाईंना जेवताना, चहा पिताना सांगत. खाडीतले रंग जायला आणखी दोन पावसाळे लागले. तोवर शिवडीच्या होड्यांना उरणच्या अंगाला दूर जावं लागे.

बुडालेल्या कंपनीचं जे उरलंसुरलं होतं त्याची वाटणी कोर्टानं नेमलेल्या एका अधिकाऱ्यानं केली. मनोरे कुणाला, यंत्र कुणाला. धक्क्यापर्यंत डबे वाहायचा एक पडाव, मोठी शिडाची होडी, होता; तो रावबहादुरांच्या निकालात मयत ठरलेल्या कोळी स्त्रीच्या वारसाला भरपाई म्हणून मिळणार होता. कुशाबाला बोलावणं आलं. पुतळाबाईही बरोबर गेली, कारण साक्षीदार लागणार होता आणि बाकी सगळे समुद्रावर होते.

फोर्टातल्या त्या अधिकाऱ्याच्या कचेरीत एक म्हातारा कारकून बसला होता. त्यानं कागद वाचला. "पुतळाबाई कुशाबा कोळी, राहणार शिवडी, मयत. बरोबर?"

कुशाबानं बायकोकडे पाहिलं. पुतळाबाई खिडकीकडे बघत म्हणाली, "बरोबर."

"मयताला ओळखणारा साक्षीदार?"

"मी."

"नाव?"

ती गडबडली. मग तिनं आपल्या मेलेल्या सासूचं नाव सांगितलं, "सखुबाई."

"मयताला किती वर्षं ओळखता?"

"लहानपणापासनं."

"बाई कशी होती?" हे कागदावर नव्हतं. कारकुनानं नाटक पाहिलेलं होतं.

पुतळाबाईनं विचार केला. "तोंडाळ होती," ती म्हणाली. "पन कामाला वाघ."

तिनं शाईत अंगठा बुडवून कागदावर ठेवला. कुशाबानंही अंगठा दिला. कारकुनानं मयताबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं आणि चिठ्ठी हातात दिली.

पडाव माझगावच्या धक्क्याला बांधलेला होता. भरती येत होती. कुशाबानं दोर सोडला, शीड वर घेतलं, सुकाणूवर बसला. निम्मी वाट झाली तरी तो अंगठ्याची शाई खाऱ्या पाण्यात घासून काढत होता.

"काय झालं?" पुतळाबाईनं विचारलं. "एवढा मोठा पडाव आला घरात."

"अंगठा द्यायला नको होता," तो म्हणाला. "बरं नाय वाटत."

"कागदावर हाय ते."

"तरी पन."

ती पुढच्या टोकाच्या नाळेवरून उठून मागे आली आणि त्याच्याशेजारी बसली. पडाव जड होता, सुकाणू एका हाताला ओढत होतं. तिनंही त्याला हात लावला.

"उजवीकडं घ्या," ती म्हणाली. "पुढं खडक हाय. दिसत नाय का तुमाला?"

"दिसतंय," कुशाबा म्हणाला, आणि त्यानं उजवीकडं घेतलं.